क्वचित बदलणाऱ्या संकेतस्थळाची व्यवस्था

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईवर विलक्षण पाऊस कोसळला आणि अड्यार नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अशा दिवशी सरकारी संकेतस्थळावर नागरिकाला फार थोडे हवे असते : मदतीचा दूरध्वनी क्रमांक आणि निवारा केंद्रांची यादी. मात्र तेवढेच हजारोंना एकाच घटकेला हवे असते. म्हणून वर्षभर क्वचित बदलणाऱ्या स्थळासाठी मजकूर-व्यवस्थापनाची कोणती प्रणाली निवडावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

२००३ साली निघालेले वर्डप्रेस बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्यात मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. वाचक आला की सर्व्हर तो शोधून, साच्यात बसवून पान सिद्ध करतो. पाहुणा दारात आल्यावर दळण घालावे, तसे हे. तयार पानांची प्रत राखण्याची सोय त्यातही करता येते. पण ती आणखी एक जोडणी, आणि प्रत्येक जोडणी म्हणजे चोराला आणखी एक दार. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ या अशाच प्रणालीतील दोष उघड झाला, तेव्हा सात तासांत दुरुस्त न केलेले प्रत्येक स्थळ बाधित समजावे, असे तिच्याच सुरक्षा-पथकाने कळविले. सात तासांत कचेरीतील फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही जात नाही!

जेकिल (२००८) आणि ह्यूगो (२०१३) यांची रीत उलट आहे. पंगत बसण्यापूर्वीच पाने वाढून तयार असतात. सर्व्हरने ती नुसती पुढे करायची. डेटाबेस नाही, म्हणून गर्दी सहज पेलते. ह्यूगोत तमिळ व इंग्रजी आवृत्त्या शेजारी ठेवण्याची सोय अंगचीच आहे. तक्रारीचा अर्ज मात्र निराळ्या सेवेकडे सोपवावा लागतो. खरी अडचण लिहिणाऱ्याची आहे : काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करणे प्रत्येक कारकुनाला जमेलच असे नाही.

त्याच्यासाठी ग्रॅव (२०१४) हा मधला मार्ग आहे. मजकूर साध्या फायलींत राहतो, तरी संपादनाला चौकट मिळते. सर्व्हरवर पीएचपी चालत असल्याने वेळोवेळी दुरुस्त्या बसविणे मात्र सुटत नाही.

जाणता माणूस कायम हाताशी असेल तर ह्यूगो, बदल्या होत राहणार असतील तर ग्रॅव, असा माझा कौल आहे. दोहोंतही मजकूर मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत राहतो. उद्या प्रणाली मोडीत निघाली तरी तो वाचता येतो. निवड पक्की करण्यापूर्वी, ईशान्य मोसमी पावसाच्या आधीच, यादीतील एक क्रमांक कारकुनाकडून बदलवून घ्यावा आणि त्याला किती मिनिटे लागली ते घड्याळावर पाहावे.