विमानातल्या ताटातील पाव

विमानात जेवणाचे ताट पुढ्यात आले की प्रवासी प्रथम झाकणाच्या गरम डब्याकडे वळतो. बाजूला पारदर्शक कागदात गुंडाळलेला मुठीएवढा पाव असतो. त्याच्याकडे लक्ष जाते ते शेवटी, आणि पुष्कळदा निराशाच पदरी पडते. वरून चिवट, आतून थंडगार, आणि तोडू गेल्यास मांडीवर भुगा. इतके महाग तिकीट काढूनही नाक्यावरच्या बेकरीतील लादीपावाची सर या पावाला का येऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ कंपन्यांच्या काटकसरीत शोधणे अन्यायाचे होईल.

वास्तविक विमानातील भोजनाचा आरंभच पावाने झाला. ऑक्टोबर १९१९ मध्ये हँडली पेज कंपनीने लंडन-पॅरिस मार्गावर तीन शिलिंगांना सँडविच व फळे असलेली पेटी विकण्यास प्रारंभ केला. पुढे १९५८ मध्ये तर पावावरून कंपन्यांत रीतसर भांडण जुंपले. अटलांटिक ओलांडणाऱ्या नव्या स्वस्त वर्गात केवळ साधी, थंड सँडविचेच द्यावीत, असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा नियम होता. स्कँडिनेव्हियातील एसएएस कंपनीने नियमाचे अक्षर पाळून पावाच्या एका चकतीवर असे थर रचले, की ते पूर्ण जेवणच झाले. पॅन अ‍ॅमने तक्रार केली आणि एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला. त्या वादातून मिळालेली प्रसिद्धी मात्र दंडाच्या मानाने स्वस्तच पडली, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागणार नाही.

आता मूळ दोषाकडे वळू. पाव शिळा होणे म्हणजे तो वाळणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले, की हवाबंद ठेवून ओलावा जराही न गमावलेला पावही शिळा होतो. भाजताना मऊ झालेले पिष्ट थंड होता होता पुन्हा घट्ट रचना धारण करते, हे त्याचे कारण. ही क्रिया सर्वांत वेगाने घडते ती गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात, म्हणजे नेमकी शीतकपाटात. सुरक्षिततेसाठी विमानाचे अन्न शिजवून सुमारे पाच अंशांखाली ठेवावे लागते. मुख्य पदार्थाला ही थंडी मानवते, कारण तो उड्डाणानंतर पुन्हा गरम होतो. साध्या वर्गातील पाव मात्र बहुधा कोशिंबिरीशेजारी थंड ताटातच बसून राहतो. जे तापमान पावाला सर्वाधिक मारक, त्यातच त्याचे तास जातात!

पुढच्या वर्गात हाच पाव टोपलीतून गरम वाढला जातो, म्हणून तो निराळा भासतो. साठ अंशांच्या आसपास तापवल्यास घट्ट झालेले पिष्ट पुन्हा सैल होते. मात्र हा मऊपणा अल्पजीवी असतो. निवल्यावर तो पाव पूर्वीपेक्षाही कडक होतो. त्यात विमानातील हवेची आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहून कमी, म्हणजे कागद उघडताच पाव वाळू लागतो. कोरड्या हवेने आणि कमी दाबाने जीभही मंदावते, मीठ व साखर कमी जाणवतात. मुळात सौम्य चवीचा पाव अधिकच बेचव लागतो.

हिशेबाची बाजूही आहेच. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८० च्या दशकात सॅलडमधील एक ऑलिव्ह वगळून वर्षाला सुमारे ४०,००० डॉलर वाचवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जिथे एका फळाचा असा हिशेब होतो, तिथे पाव कोणत्या दराचा घेतला जाईल, हे उघड आहे.

जैन प्रवाशाला हा प्रश्न चवीपुरता राहत नाही. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर निघतात आणि उड्डाण होताच जेवण येते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या ज्येष्ठ श्राविकेला गरम डबा परत करावा लागतो; सूर्योदयापर्यंत जवळ ठेवता येण्याजोगा तेवढा पाव उरतो. पण रात्र उलटलेले ओलसर अन्न बासी मानणाऱ्याला, किंवा यीस्ट वर्ज्य असणाऱ्याला तोही चालत नाही. अमेरिकेत मुलाकडे निघालेली माणसे पंधरा-सोळा तास निव्वळ पाण्यावर काढतात, ती यामुळे.

‘व्हीजेएमएल’ या संकेताने जैन भोजन मागवता येते. बहुतेक कंपन्यांना २४ ते ४८ तास आधी कळवावे लागते. त्यात कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असतात. तथापि पावाची चौकशी स्वतंत्रपणे करणे इष्ट. काही पावांवर अंड्याचा हात फिरवलेला असतो. पिठात घालण्यात येणारे एल-सिस्टीन (ई ९२०) पिसांपासून वा केसांपासूनही काढले जाते, आणि ई ४७१ हा घटक वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य, दोन्ही असू शकतो. जाताना अन्न बहुधा मुंबईतच चढवले जाते आणि भारतीय वेष्टनावर हिरवी वा तपकिरी खूण असते. परतीचे अन्न सामान्यतः परदेशी स्वयंपाकघरातून येते. त्यावर ही खूण असेलच असे नाही. म्हणून परतीच्या प्रवासात अधिक दक्षता हवी.

या दृष्टीने घरचा खाखरा पाहण्यासारखा आहे. त्यात ओलावा जवळजवळ नसल्याने पावाला नडणारी थंडी त्याला बाधत नाही, आणि विमानाची कोरडी हवा तर त्याला अनुकूलच. हातातील सामानात तो नेता येतो. सोबतचे लोणचे वा पातळ चटणी मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासात शंभर मिलिलिटरच्या मर्यादेत बसवावी लागते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात उतरताना उरलेले खाद्यपदार्थ अर्जावर नोंदवणे बंधनकारक आहे, ते विसरल्यास दंड होऊ शकतो. ज्यांना पाव चालतो, त्यांनी ताट येताच तो सेविकेकडे देऊन दोन मिनिटे तापवून देण्याची विनंती करावी. गर्दी नसेल तर ती सहसा नाकारली जात नाही. आणि तो पाव गरम आहे तोवरच खावा.