मातीची चव

बिदरच्या किल्ल्यात जिथं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही, अशा कोपऱ्यातली माती बिदरी कारागीर आणतो आणि चिमूटभर जिभेवर ठेवतो. ही चालेल, ही नाही, हे चवीवर ठरतं. आमच्या औरादहून बिदर चाळीसेक किलोमीटर. घरात लग्नातली बिदरीची अत्तरदाणी लहानपणापासून पाहिलेली. पण ही चवीची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि आजची कला नि निसर्ग यांच्या नात्यावर लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी तीच आठवली.

बिदरीचं भांडं पाहताना नजर चांदीवर जाते. खरं नवल तिच्याभोवतीच्या काळ्या रंगाचं आहे. धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. ओतलेलं भांडं कानशीनं घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करायचं, म्हणजे कलमानं कोरलेली रेघ उजळ दिसते. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, ती तारकशी. तारेऐवजी पत्रा बसवला तर तहनिशान. नक्षीत वेली असतात, खसखशीची फुलं असतात. इथवरची करामत माणसाच्या हाताची. पुढचं काम माती करते. किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्याची भांड्यावर प्रक्रिया केली की जस्ताचा भाग काळाकुट्ट होतो आणि चांदी आहे तशीच राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की तो काळा आणखी गडद होतो. (किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपला जडवलेला आहे. काळ्यावर उजेड बसवण्याची हौस या गावाला जुनीच.)

जस्त बाहेरून येतं, चांदी सराफाकडून येते. त्या भांड्यात निखळ बिदरची म्हणावी अशी एकच गोष्ट, ती माती.

२००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सीमाभागातल्या आम्हा सगळ्यांनाच आपल्या घरात काही आल्यासारखं वाटलं. सुरई आणि हुक्क्याच्या जोडीला आता बिदरीत दागिने, पेनड्राइव्हची कवचं असलं नवं कामही होतं. हे चांगलंच आहे. पण मानांकनानं नाव राखलं जातं, माती राखली जात नाही. ती कुठं किती उरली आहे याची मोजदाद आणि तिचा बारकाईनं अभ्यास, हे या कलेच्या जतनातलं पहिलं काम असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पुरस्कार त्यानंतर.

बाहेरच्या जगात कलावंत मातीकडे वेगळ्या वाटेनं आले. इंग्लंडच्या रिचर्ड लाँग यांनी १९६७ साली गवतातून येरझाऱ्या घालून एक सरळ रेघ पाडली आणि तिचं छायाचित्र काढलं. कलेच्या इतिहासात ती रेघ मोठी मानतात. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांच्या कामाशेजारी आपल्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं मांडली गेली. पायानं पडलेली रेघ आणि तांदळाच्या पिठानं काढलेली रेघ, दोन्ही एका छताखाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावातले प्रभाकर पाचपुते कोळशाच्या कांडीनं खाणकामगार आणि उखडलेली जमीन काढतात.

आमच्याकडे अशी मांडणी दरवर्षी एक दिवस शेतात उभी राहते आणि तिला कुणी कला म्हणत नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. बिदर-कलबुर्गीपासून लातूर-धाराशिवपर्यंत त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की पिकाभोवती आंबील शिंपडायचं. भज्जी, उंडे, खीर. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरं धावतात. काळ्या रानात, हिरव्या हरभऱ्याच्या कडेला ती पिवळी कोप जशी दिसते, तसं काही मी कुठल्याही कलादालनात पाहिलेलं नाही.

पण कोपीला कडबा लागतो आणि कडब्याला ज्वारी. सोयाबीन आलं, ज्वारीचं रान आटलं, आणि आता कित्येक शेतांत कोपीला साडी किंवा ताडपत्री गुंडाळलेली दिसते. शेतकऱ्याला दोष द्यावा असं यात काही नाही, त्याला पैसा देणारं पीक हवंच. तरी ज्याच्याकडे चार एकर आहेत त्यानं चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारी कोपीपुरती पेरावी, एवढं मी माझ्या भावकीत सांगत असतो. रूप मातीतून येतं, माती बदलली की रूप बदलतं. किल्ल्यातल्या त्या चिमूटभर मातीचं आणि या कडब्याचं दुखणं एकच आहे.

दिवाळीनंतर दोन अमावास्यांनी येळवस आहे. त्या दिवशी औराद, भालकी, देवणी, उदगीर, कुठल्याही वाटेनं या. शेतात आलेल्या अनोळखी माणसालाही आमच्याकडे जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.