रेसचा घोडा असो की पटाची जोडी, हिशोब काही जुळत नाही... तरी लोक भागीत जनावर का घेतात?

दिवाळी सरते, धान कापून खळ्यावर येतं आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत मंडई सुरू होते. मंडईपाठोपाठ येतो शंकरपट. त्याच दिवसांत मोबाईलवर एक रील फिरायला लागते. गुलालात न्हालेली बैलजोडी, मागे डीजे, शिंगांना फुगे आणि खाली ओळ, "अमुक लाखांची जोडी."

ती रील बघून पानठेल्यावरच्या चौघांपैकी एक जण हमखास म्हणतो, "घेऊन टाकू का बाप्पा आपण बी एक जोडी? चौघांत किती येईन?"

गोंदियापासून हजारेक किलोमीटरवर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरही हाच प्रश्न विचारला जातो. फक्त तिथे बैलाच्या जागी घोडा असतो आणि पानठेल्याच्या जागी क्लबची खुर्ची.

दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. पळणाऱ्या जनावरात वाटा घ्यायचा म्हणजे नेमकं काय विकत घ्यायचं? आधी घोड्याचं बघू, कारण तिथे सगळं कागदावर आहे. मग आपल्या जोडीकडे येऊ.

घोड्यात वाटा म्हणजे काय?

मुंबई आणि पुण्यातल्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. महालक्ष्मीचं मैदान १८८३ पासूनचं. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि पुण्याचा पावसाळ्यात.

रेसचा घोडा एकट्याने पोसणं परवडत नाही, म्हणून चार-सहा जण मिळून घेतात. कोणी भागीदारी करतं, कोणी मोठा गट बनवतं. पण इथे वाटा तोंडी नसतो. मालक कोण, कोणाचा हिस्सा किती, हे क्लबकडे नोंदवावं लागतं. घोड्यावर बसणारा जॉकी कोणत्या रंगाचे कपडे घालणार, तेही नोंदलेलं असतं. त्या रंगांवरूनच लांबून कळतं की आपला घोडा कुठे आहे.

इथवर ऐकायला झकास वाटतं. रडगाणं पुढे सुरू होतं.

पहिला वैताग : थांबणं

घोडा साधारण दोन वर्षांचा असताना विकत घेतला जातो. तो लगेच पळत नाही. त्याला खोगीर, लगाम, गेट या सगळ्याची सवय लावावी लागते. तोवर ट्रेनरची फी, सईसाचा पगार, खुराक, नाल, डॉक्टर हे सगळं दर महिन्याला चालू असतं. म्हणजे पहिली शर्यत बघायच्या आधीच भागीदारांनी कितीतरी बिलं भरलेली असतात.

त्यात पायाची शीर सुजली की हंगाम गेला. इंडियन डर्बी ही देशातली सगळ्यात मानाची शर्यत. १९४३ पासून चालू आहे, अंतर २४०० मीटर आणि ती फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. म्हणजे घोड्याला आयुष्यात एकच संधी. त्या फेब्रुवारीत तो खोकला तर संपला विषय. पुढच्या वर्षी तो पाच वर्षांचा होतो आणि डर्बीतून कायमचा बाद होतो.

दुसरा वैताग : जिंकलात तर अजून वजन

घोड्यांना त्यांच्या कामगिरीवरून गुण देतात आणि पाच वर्गांत विभागतात. बहुतेक शर्यतींत जास्त गुणांच्या घोड्याला पाठीवर जास्त वजन घेऊन पळावं लागतं. हेतू हा की सगळ्यांना जिंकायची थोडीफार संधी मिळावी.

मालकाच्या बाजूने बघा. घोडा जिंकला, पेढे वाटले. पुढच्या वेळी त्याच घोड्यावर वजन वाढलं किंवा तो वरच्या वर्गात गेला. आता समोर तगडे घोडे. पहिल्यापेक्षा चांगला पळूनही तो पाचवा येतो आणि भागीदार एकमेकांना विचारतात, "ट्रेनर बदलायचा का?"

तिसरा वैताग : सरकारलाही माहितीये की हा तोट्याचा धंदा आहे

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात रेसचे घोडे पाळणाऱ्यांसाठी ७४-अ हे वेगळं कलम घातलं गेलं. त्यात म्हटलंय की घोडा पाळण्यात झालेला तोटा फक्त घोडा पाळण्याच्या कमाईतूनच वजा करता येईल. दुकानाचा नफा घोड्याच्या तोट्यात लपवता येणार नाही. साध्या धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, घोड्याचा मात्र चारच वर्षं.

थोडक्यात, शौक करा, पण स्वतःच्या खिशातून.

आता येऊ पटाच्या जोडीकडे

शंकरपटात हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात आणि धुरकरी त्यांना हाकतो. पळायच्या पट्ट्याला आपल्याकडे दान म्हणतात. कुठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दानींवरून एकदम सोडतात, कुठे घड्याळ लावून सेकंद मोजतात. सगळा खेळ काही सेकंदांचा.

इथेही भागीदारी आहे, पण तिची तऱ्हा वेगळी. कधी दोन भाऊ मिळून जोडी ठेवतात, कधी मित्र वर्गणी काढतात. कधी बैल एकाचा, दुसरा बैल दुसऱ्याचा, आणि चाल जुळली म्हणून दोघे मिळून जोडी पळवतात. पुणे-सातारा-सांगलीकडे अशा जुळणीला पैरा म्हणतात. सगळं चालतं शब्दावर.

आता खर्चाचा अंदाज घेऊ. आकडे समजा म्हणून धरलेत, फक्त गणित कळावं म्हणून.

चौघांनी पन्नास-पन्नास हजार काढून दोन लाखांची जोडी घेतली. ढेप, चुनी, कणीक, जमलं तर दूध-अंडी, सांभाळणाऱ्याची मजुरी, पटाला न्यायला गाडीभाडं, डॉक्टर, असे मिळून महिन्याला वीस हजार गेले. दहा महिन्यांत जोडीच्या किमतीएवढे पैसे पुन्हा गेले. पट भरतात चार-पाच महिने. बैल खातात बारा महिने.

शिवाय पटाची जोडी चिखलात घालायला जीव धजत नाही. धानाच्या बांधीत राबायला कठाणीसारखी आपली लहान चणीची, काटक जनावरं वेगळी. पटाच्या बैलाने शेतात काम केलं तर पाय दुखावायची भीती, नाही केलं तर घरातून टोमणे, "नुसता खायाले हाय काय?"

आणि मग बंदी आली

घोड्याच्या मालकाला जे भोगावं लागलं नाही, ते बैलाच्या मालकाने भोगलं.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नाही, असं म्हटलं. त्यामुळे घोड्यांच्या शर्यतींना आधार मिळाला.

बैलाची गोष्ट उलटी. जुलै २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शन आणि खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल टाकला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही आणि त्याला पळवायला वेदना दिल्या जातात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. हा मुद्दा हवेतला नव्हता. टोकदार खिळ्याची तुतारी, शेपटी पिरगाळणं हे प्रकार पटाला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत.

२०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यावर स्थगिती दिली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला.

२०१४ ते २०२१. साडेसात वर्षं. बैलाच्या पळायच्या वयातली बहुतेक वर्षं यातच गेली. ज्यांनी २०१३ ला जोडी घेतली होती, त्यांच्याकडे पळणारे बैल होते, पण दान नव्हती. काहींनी जोड्या मिळेल त्या भावात काढल्या. काहींनी नुसत्याच पोसल्या.

आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका यातलं काहीही चालत नाही. नियम मोडले तर पुन्हा बंदीची मागणी होणार, आणि ती होण्यात सगळ्यात मोठं नुकसान जोडीच्या मालकाचंच आहे.

म्हातारपण कोणाच्या वाट्याला?

वाटा घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण सगळी भांडणं इथेच होतात.

चांगली घोडी रेस संपल्यावर पैदाशीला स्टड फार्मवर जाते. तिच्या शिंगरांनाही भाव येतो. पुण्याच्या पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, तिथे त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. ते बघूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणजे न पळणाऱ्या घोड्यातूनही जगातली एक मोठी लस कंपनी उभी राहिली.

खच्ची केलेल्या बैलाला ही वाट नाही. त्याची पैदास होत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला बाजारात फारसं गिऱ्हाईक उरत नाही. तो गोठ्यातच राहणार. ढेप कमी झाली तरी तणीस लागणारच. चार भागीदारांपैकी तिघे तोवर "भाऊ, आता तुझ्याकडंच राहू दे" म्हणून मोकळे झालेले असतात.

मग मिळतं काय?

पैसा म्हणाल तर थोड्यांनाच. रेसमध्ये बक्षिसातून ट्रेनर आणि जॉकीचा वाटा आधी निघतो, उरलेलं भागीदारांत. पटात बक्षिसापेक्षा खरी कमाई नाव झालेली जोडी वेळेत विकण्यात असते. पण वेळेत विकणं हेच जमत नाही. जिंकणारी जोडी कोण विकेल? आणि हरायला लागल्यावर कोण घेईल?

तरीही लोक घेतात. कारण मिळतं ते वेगळंच.

सकाळी गोठ्यात गेल्यावर बैल मान वळवून बघतो, ते. पटाच्या आमंत्रणाने तीन तालुक्यांत ओळखी होतात, ते. दानीवर जोडी सुटल्यावर गर्दीतून "कोणाची हाय रे?" असा प्रश्न येतो आणि कोणीतरी आपल्या गावाचं नाव घेतं, ते.

पटाला आलेले पाहुणे रात्री परत कुठे जाणार, म्हणून त्यांच्यासाठी गावात नाटक ठेवायची रीत पडली. झाडीपट्टी रंगभूमी याच आधाराने वाढली. आज वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं केंद्र आहे आणि २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सोयरिकी जुळण्यापासून नाटकापर्यंत, पटाभोवती अख्ख्या मुलखाचं येणं-जाणं आहे. जोडीचा मालक त्या येण्या-जाण्याच्या मधोमध उभा असतो.

महालक्ष्मीवरच्या भागीदारालाही याहून वेगळं काही मिळत नाही. डर्बी अडीच मिनिटांत संपते. पण शेवटच्या वळणावर आपले रंग पुढे निघाले की दहा टक्क्यांचा मालकही शंभर टक्के ओरडतो. आनंदाचे वाटे पडत नाहीत. वाटे पडतात ते फक्त बिलाचे.

म्हणून वाटा घ्यायचाच असेल तर...

रेसवाल्यांकडून एक गोष्ट नक्की उचला, ती म्हणजे कागद. मैत्री कितीही घट्ट असली तरी साध्या वहीत एवढं लिहून चौघांच्या सह्या घ्या.

महिन्याचा खर्च कोण, किती आणि कोणत्या तारखेला देणार. एकाने दोन महिने दिला नाही तर त्याच्या वाट्याचं काय. कोणत्या पटाला जायचं आणि धुरकरी कोण, हे ठरवणारा एक माणूस. बैल लंगडला तर इलाजाला किती खर्च करायचा. गिऱ्हाईक आलं तर विकायचं कसं ठरवणार. आणि शेवटचं, बैल थकला की तो कोणाच्या गोठ्यात राहणार आणि बाकीचे तिघे त्याला दरमहा काय देणार.

हे सगळं बोलून झाल्यावरही चौघं तयार असतील तर घ्या जोडी. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. ही हौस आहे, आणि हौसेचे पैसे घरखर्चातून किंवा पीककर्जातून काढायचे नसतात.

आणि "म्हातारपणी कोण सांभाळणार?" या प्रश्नावर जर चौघंही पानठेल्यावर गप्प झाले, तर रील बघा, लाईक करा, पटाला जा, दुसऱ्याच्या जोडीसाठी घसा बसेपर्यंत ओरडा. त्याला वाटा लागत नाही.