आई, ओढू नकोस ना!

सकाळचे पावणेसात. तव्यावर पोळी फुगतेय, डबा अजून उघडाच आहे, स्कूल व्हॅनवाले काका आता कुठल्याही क्षणी हॉर्न वाजवतील, आणि सहा वर्षांची लेक पलंगाखाली जाऊन बसलीय. आईच्या एका हातात कंगवा, मनगटावर दोन रिबिनी गुंडाळलेल्या. "ये गं राणी बाहेर, उशीर होतोय." पलंगाखालून आवाज येतो, "आधी सांग, ओढणार नाहीस ना?"

शाळेला दोन वेण्या लागतात, त्याही दुमडून कानांच्या वर रिबिनीने बांधलेल्या. त्यामुळे गावात काय नि शहरात काय, ही झटापट घरोघरी ठरलेली. पोरीला ओढून बाहेर काढायचं, दोन गुडघ्यांमध्ये घट्ट बसवायचं, मान खाली दाबायची आणि कंगवा थेट टाळूपासून खाली न्यायचा. मानेपाशी आला की तो अडकतो. "आई गं!" अशी किंकाळी उठते. "काही दुखत नाही एवढं, नाटकं पुरेत," असं आई म्हणते. तीही घाईत असते, तिला सातची लोकल गाठायची असते.

पण दुखतं. पोर खरं बोलत असते.

केस स्वतः निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा, म्हणून कात्रीने कापला तर काहीच कळत नाही. जीव असतो तो मुळाशी. त्वचेखाली केसाचं मूळ जिथे रुतलेलं असतं, तिथे त्याच्याभोवती चेतातंतूंचं वेटोळं असतं. केस वाऱ्याने हलला तरी त्याची वर्दी मेंदूला पोहोचते. डोक्यावर असे सुमारे एक लाख केस. गाठीत अडकलेल्या कंगव्याचा एक हिसका त्यांतल्या कितीतरी मुळांना एकाच वेळी बसतो. शिवाय हे सगळं चालतं पाठीमागे. कंगवा कधी येणार, कुठे अडकणार, हे पोरीला दिसत नाही. न दिसणाऱ्या हिसक्याची वाट पाहत बसणं मोठ्यांनाही जमत नाही, मग सहा वर्षांच्या जीवाने मान आखडून घेतली तर त्याला हट्ट का म्हणावं?

गुंता मानेवरच जास्त का होतो, याचं उत्तर उशीत, शाळेच्या कॉलरीत आणि दप्तराच्या पट्ट्यात आहे. केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले, टोकं शेंड्याकडे वळलेली. घासून घासून ते उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि दोन केसांची गाठ चार केसांना ओढून घेते.

हा गुंता सोडवायचा कसा, याचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत झाला आहे. तिथले प्राध्यापक एल. महादेवन रोजच्या साध्या गोष्टींमागचं गणित शोधण्यासाठी ओळखले जातात. मुलगी लहान असताना तिचे केस विंचरायचं काम काही काळ त्यांच्याकडे होतं. धीर कमी पडल्यामुळे ते लवकरच काढून घेतलं गेलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना पीळ घातलेले दोन धागे घेतले, त्यांतून कंगव्याचा एकच दात फिरवला आणि किती जोर लागतो ते मोजलं. २०२२ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा: मोकळ्या टोकापासून छोटे छोटे हात मारत वर गेलं तर पीळ शेंड्यातून सुटत जातो. वरून एकच लांब हात मारला तर सगळा पीळ खाली ढकलला जातो, तिथे दाटतो आणि गाठ आणखी आवळते.

ज्या घरात आजी आहे, तिथे हे ऐकून ती नुसती मान डोलावेल. आजीची पद्धत बघण्यासारखी असते. ती आधी बोटांनी केस मोकळे करते. मग एक बट घेते, गाठीच्या वर मुठीत घट्ट धरते आणि मुठीखालचा भागच विंचरते. ओढ बसते ती मुठीला, डोक्याला नाही. शेंडे मोकळे झाले की मूठ दोन बोटं वर सरकते. हीच खरी युक्ती, आणि तिला जास्तीची फार तर पाच मिनिटं लागतात.

तेलाचंही तसंच. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली दाखवून दिलं की केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेल तेलानेच कमी होते, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. तेलाने केसांमधलं घर्षण कमी होतं, हा अनुभव मात्र कुणालाही घेता येतो. सरळ केस ओले असताना विंचरू नयेत, कारण ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. कुरळ्या केसांचं उलट आहे. ते ओलसर असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने सोडवलेले बरे.

एक गोष्ट मात्र काळजीची. वेणी संध्याकाळपर्यंत सुटू नये म्हणून करकचून घालायची सवय मुलींना महागात पडते. कपाळाच्या कडेला, कानशिलांपाशी बारीक पुळ्या येतात, डोकं दुखतं, मग तिथले केस विरळ होतात. वेळीच वेणी सैल केली तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळं कायमची जातात. "घट्ट झालीय" असं पोर म्हणाली की पेड सोडून पुन्हा घालावेत, व्हॅन थांबेल.

विंचरणं हे काम फार जुनं आहे. इस्रायलमधल्या लाखीश इथे हस्तिदंताची एक फणी सापडली, साधारण ३,७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंत्यासाठी सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक. आजीच्या फणेरपेटीतल्या फणीचीच ही थोरली बहीण. तिच्यावर कनानी लिपीत एक वाक्य कोरलेलं आहे. या हस्तिदंताने केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघून जाव्यात, अशी त्यात प्रार्थना आहे. त्या लिपीतलं हे आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य, आणि ते उवांबद्दल आहे!

आपल्याकडे तर देवाने हे काम केलं. जनाबाईच्या अभंगात डोक्याने गांजलेल्या जनीसाठी विठ्ठल धावून येतो, स्वतःच्या हातांनी तिचा बुचडा सोडतो, उवा मारतो, केस विंचरून मोकळे करतो. तिथे ती त्याला विठाबाई म्हणते. लहानपणीच पोरक्या झालेल्या, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या बाईला देवाकडून काय हवंसं वाटलं, ते बघावं. शांतपणे केसांतून फिरणारे आईचे हात.

आता पलंगाखालची पोर बाहेर आलीय. आईने आज तिच्या हातात छोटा आरसा दिलाय, मागे काय चाललंय ते तिला दिसतंय. बट मुठीत, कंगवा शेंड्याला. लेक हात मोजतेय: एकवीस, बावीस, तेवीस. चोविसाव्याला मोजणं विसरून ती काल शाळेत बाकाखाली सापडलेल्या मुंग्यांच्या रांगेबद्दल सांगायला लागते. मुंग्या खिडकीपर्यंत पोहोचतात तेवढ्यात खाली हॉर्न वाजतो. डावी वेणी उजवीपेक्षा बोटभर वर बांधली गेलीय. "राहिलेलं संध्याकाळी सांगते," म्हणत ती दप्तर उचलते आणि जिना उतरायला लागते.