जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाची परीक्षा

मनगटी घड्याळाच्या चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणे, आणि मोठ्या तबकडीत दोन-तीन लहान तबकड्या, असे घड्याळ तुम्ही पाहिले असेल. त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. घड्याळ आणि स्टॉपवॉच ही दोन यंत्रे त्यात एकाच डबीत बसवलेली असतात. क्रोनोग्राफ म्हणजे 'काळ लिहिणारे'. १८२१ साली पॅरिसमध्ये निकोला रियुसेक याने घोड्यांच्या शर्यतीसाठी बनवलेले यंत्र खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. पुढे शाई गेली, नाव राहिले.

चावीच्या जुन्या घड्याळांचा शौक अलीकडे वाढला आहे आणि त्याबरोबर फसवणूकही. मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून तयार केलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा काही आपला गौरव नव्हे! एचएमटीने बंगलोरला १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवण्यास सुरुवात केली आणि २०१६ मध्ये तो उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. त्या साध्या घड्याळांनाही कारखान्याने कधी न काढलेले रंग चढवून ती विकली जातात. मग शेकडो भागांच्या क्रोनोग्राफची काय कथा?

येलदरीच्या एका तरुणाला असेच एक घड्याळ दाखवण्यात आले. पूर्णा नदीवरील धरणाचे बांधकाम चालू असताना, १९६० च्या दशकात, एका इंजिनिअरने ते वापरले होते, असे विक्रेत्याचे म्हणणे. किंमत हजारो रुपयांत. गोष्टीची शहानिशा करता येत नाही, परंतु घड्याळाची येते, आणि त्याला शाळेतले गणित पुरते.

तबकडीच्या कडेने ६०, ८०, १२० असे आकडे छापलेले होते. हे वेगाचे मापन. जिंतूर-येलदरी रस्त्यावर किलोमीटरचा एक दगड मागे पडताच बटण दाबायचे आणि पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायचे. काटा जेथे थांबेल तेथला आकडा म्हणजे गाडीचा ताशी वेग. एका तासाचे सेकंद ३६००, म्हणून वेग = ३६०० भागिले लागलेले सेकंद. ४५ सेकंद लागले तर ८०, ४० लागले तर ९०, ३० लागले तर १२०. म्हणजे काटा सरळ खाली, सहाच्या अंकाकडे असेल तेथे १२० च हवेत. या घड्याळात तेथे १३० होते! ज्याने तबकडी रंगवली त्याला हे आकडे म्हणजे नुसती नक्षी वाटली असावी. मात्र घाई करू नका. काही तबकड्यांवर विजेचे अंतर काढण्याचे मापन असते (ध्वनी सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो), तर काहींवर डॉक्टरांसाठी नाडीचे. कोणते मापन आहे ते आधी वाचावे, मग हिशेब मांडावा.

दुसरी परीक्षा कानाची. बहुतेक जुन्या क्रोनोग्राफमधील तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५. असे घड्याळ एक-पंचमांश सेकंदच मोजू शकते. तासाला ३६,००० ठोक्यांची यंत्रे १९६९ मध्ये मनगटी क्रोनोग्राफमध्ये आली; ती एक-दशांश सेकंद मोजतात. तबकडीवर सेकंदाचे दहा भाग आणि आतून मात्र पाचच ठोके, असे आढळले तर तबकडी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचे.

"वेळ बरोबर दाखवते का?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, पण येथे तो फारसा कामाचा नाही. दिवसाला ३० सेकंद पुढे जाणारे घड्याळ एका मिनिटाच्या मोजणीत फक्त ०.०२ सेकंद चुकते. आपले बोट त्याच्या कितीतरी पट चुकते. पाहायचे ते निराळेच. बटण दाबले की त्याच स्प्रिंगला जास्तीची चाके ओढावी लागतात. तेल सुकलेले असेल तर तोलचक्राचे झोके लहान होतात आणि घड्याळ रेंगाळते, कधी थांबतेही. विक्रेता बटण दाबून दहा सेकंद काटा पळवून दाखवतो. तुम्ही अर्धा तास चालू ठेवा. मिनिटांची छोटी तबकडी दर मिनिटाला एक घर पुढे सरकते का ते पाहा. मग खालचे बटण दाबा. काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची एक चकती असते. तिच्यावर छोटी हातोडी दाबली गेली की काटा कोठेही असला तरी शून्यावर येतो. हा आकार फार सुंदर आहे, भूमितीच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर काढून दाखवावा. काटा दर वेळी शून्याच्या त्याच बाजूला थांबत असेल तर तो नीट बसवलेला नाही, हे काम सोपे. दर वेळी निराळीकडे थांबत असेल तर काटा आसावर सैल आहे किंवा भाग झिजले आहेत. झिजलेला भाग बाजारात मिळेलच असे नाही.

शेवटी अंधारात चमकणारे अंक. नंबरप्लेटवर चकाकणारी पट्टी लावणाऱ्यांना आपण 'रेडियमवाले' म्हणतो, पण तेथे रेडियमचा कणही नसतो. जुन्या घड्याळात मात्र तो खरोखर असू शकतो. १९६० च्या दशकापर्यंत अंकांना रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचा लेप देत, पुढे रेडियमऐवजी ट्रिटियम आले. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे, म्हणून साठ वर्षांत त्यातला जेमतेम अडीच टक्के भाग घटतो. तरी लेप चमकत नाही, कारण किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडच निकामी झालेले असते. येलदरीचे घड्याळ मात्र एकदा उजेड दाखवला की तासन् तास हिरवे चमकत होते. असे टिकाऊ, किरणोत्सारी नसलेले लेप १९९० च्या दशकातले. तेव्हा धरणाच्या काळातले अंक ते नव्हेत.

न चमकणारा तपकिरी लेप असलेले आजोबांचे घड्याळ घरात असेल तर त्याची काच किंवा पाठीचे झाकण उघडू नका, लेप खरवडू नका. अमेरिकेत १९२० च्या सुमारास असा लेप लावताना कुंचला ओठांनी टोकदार करणाऱ्या कामगार मुलींच्या जबड्याची हाडे सडली, कित्येकींचा मृत्यू झाला. बंद काचेआडून धोका पुष्कळच कमी, पण त्यातून रेडॉन वायू निघत राहतो. म्हणून ते उशाशी न ठेवता हवेशीर जागी कपाटात ठेवावे, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला रेडियमची कल्पना आधी द्यावी.