कष्टकऱ्यांचे अपत्यसंगोपन आणि समाजाचे कर्तव्य

रामकुंडावरील यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे नाशिकच्या पंचवटीचे जे तीर्थस्वरूप सर्वपरिचित झाले आहे, त्याच्या पलीकडे फुलेनगर, पेठ रोड आणि दिंडोरी रोडवरील बाजार समितीच्या आसपास हमाली, बिगारी व धुणीभांडी यांवर संसार चालविणाऱ्यांची दाट वस्ती आहे. तेथील आई पहाटे कामावर निघते, तेव्हा मागे राहणाऱ्या बालकाचे संगोपन ही साऱ्या गावाचीच जबाबदारी ठरते. अशा आईबापांना द्यावयाचे पालकशिक्षण त्यांच्या सवडीला, त्यांच्या दाराशी आणि प्रत्यक्ष साहाय्यासह पोहोचले तरच फळते, हे गेल्या पाऊण शतकाच्या अनुभवाचे सार आहे.

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडी थेट वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी विकासवाडी उभी राहिली. कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलीला शाळेत आणावयाचे, तर त्या भावंडाचीही सोय लावणे क्रमप्राप्त होते. दारिद्र्याची अडचण आधी ओळखावी आणि मग तिच्याभोवती शिक्षणाची रचना करावी, ही ती दृष्टी होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिचा आरंभ मेळघाटातील धारणीपासून झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा व पूर्वप्राथमिक शिक्षण यांच्या बरोबरीने स्त्रियांना आहार-आरोग्याचे शिक्षण देण्याची तरतूदही तिच्यात होती. परंतु वजनाच्या नोंदी, आहारवाटप आणि दफ्तराचा भार मानधनावर वाहणाऱ्या अंगणवाडी सेविकेजवळ आईशी निवांत बोलण्याइतका वेळ क्वचितच उरतो.

वास्तविक, याच संवादाचे सामर्थ्य असाधारण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात बालकाची काळजी घरोघर नेली, मातांना धोक्याच्या खुणा ओळखण्यास शिकविले आणि आजारी अर्भकावर घरीच उपचारांची व्यवस्था केली. तेथील नवजातमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. जमैकात १९८६-८७ च्या सुमारास खुरटलेल्या १२९ बालकांवर झालेल्या प्रयोगात ज्या मातांना दर आठवड्याला घरी येऊन मुलांशी खेळण्या-बोलण्याची रीत दाखविली गेली, त्यांच्या मुलांची कमाई दोन दशकांनंतर इतरांहून सुमारे पाव हिश्श्याने अधिक आढळली. दोन्ही ठिकाणी शिकविणारी व्यक्ती उंबरठा ओलांडून आत गेली होती.

पंचवटीपुरते बोलावयाचे, तर पालकमेळावा भरदुपारी भरविल्यास मजुरी बुडवून येणे कोणाला परवडणार? तो सायंकाळी वस्तीतच भरावा, बापालाही आवर्जून बोलवावे, कामाच्या वेळेशी जुळणारे पाळणाघर असावे आणि सेविकेचे कागदी ओझे हलके करावे. ज्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह आरंभला गेला, तेथे माणसाची प्रतिष्ठा हा मागाहून सुचावा असा विषय नव्हे. गरीब आईबापांना अडाणी समजून शिकविण्यास जाणारी योजना दारातच थबकते. त्यांच्या कष्टांचा व अनुभवाचा मान राखणारी योजनाच घरात प्रवेश करते, आणि तशी योजना उभारणे महानगरपालिका, शासन व सुस्थितीतील नागरिक या तिघांनाही बंधनकारक आहे.