संध्याकाळचा दीड तास

कर्जत स्टेशनावर आपण कधी थोडा वेळ उभे राहिला असाल, तर एक गोष्ट पाहिली असेलच. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक मेल गाड्या इथे थांबतात. मागच्या बाजूस जादा इंजिने लागतात, आणि मग ती गाडी बोरघाट चढू लागते. सदतीस फुटांना एक फूट असा तिथला चढ आहे. चढणीला जादा जोर लागतो, हे कोणालाही सहज पटते. पण घाटात उताराची काळजीही तितकीच घेतात. घाट उतरताना गाडीला वाटेत ठरलेल्या जागी पुरते थांबावे लागते. तिथले रूळ आधीच एका वर चढत जाणाऱ्या आडमार्गाकडे वळवून ठेवलेले असतात. गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच खालच्या वाटेचे रूळ जोडून देतात. जी थांबू शकली नाही, ती त्या चढावर जाऊन आपोआप अडते. चालक कितीही अनुभवी असो, थांबा चुकत नाही. उतारावर माणसाच्या निश्चयावर सारा भार टाकायचा नसतो, ही त्यातली शिकवण.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका उताराविषयी. हा उतार आपल्या खिशात असतो. आपला मोबाईल फोन!

दिवेलागणीच्या वेळेला कोणत्याही घरात डोकावून पहा. खालापूरकडचे घर असो की कर्जतच्या आसपासचे. आई चुलीपाशी किंवा गॅसपाशी भाकऱ्या थापते आहे. वडील कामावरून येऊन टेकले आहेत आणि त्यांच्या हातात फोन आहे. मुलगी दहावीत. गणिताचे उदाहरण अडले म्हणून तीही फोन घेते. उदाहरण सापडते, पण त्याच्या शेजारीच एक गमतीचे चित्र हलत असते. ते पाहून होते, तोच दुसरे येते. अर्ध्या तासाने पहावे, तर वहीत उदाहरण जिथल्या तिथे! पडवीत आजी काहीतरी सांगत असते. तिचे बोलणे भिंती ऐकतात.

मग आपण मुलीवर रागावतो. "तुझे मनच नाही अभ्यासात!" म्हणतो. पण मंडळी, हा दोष एकट्या मुलीच्या मनाचा आहे का? थोडा विचार करू या.

उल्हास नदीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस आपण पाहिला असेल. मासा दर वेळी लागला असता, तर पोटापुरते मासे घेऊन तो घरी गेला असता. कधीच लागला नसता, तर कंटाळून उठला असता. पण मासा कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणूनच तो तासन्‌तास बसतो. गेल्या शतकाच्या मध्यास स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखविले. टोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की कबूतर टोच मारीतच राहते. मोबाईलवर बोट सरकवताना आपले तेच होते. दहा चित्रे फुकट जातात, अकरावे आवडते. त्या अकराव्यासाठी बोट थांबत नाही.

दुसरी गोष्ट. पोथीचा अध्याय संपतो. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. पूर्वी रेडिओवरही रात्री सभा समाप्त होत असे. संपण्याची खूण आली की माणूस उठतो. मोबाईलवरची ही चित्रांची माळ मात्र मुद्दामच न संपणारी केलेली आहे. हे सारे आपल्याला फुकट का मिळते? तर मध्ये मध्ये जाहिराती असतात. आपण जितके जास्त वेळ पाहू, तितक्या जाहिराती जास्त आणि चालवणाऱ्यांची कमाई जास्त. तेव्हा पैसे आपण देत नसलो, तरी किंमत देतोच. ती तासांनी देतो.

हिशेब करून पहा. रोजचे तीन तास धरले, तर वर्षाचे १०९५ तास होतात. बारा तासांचा कामाचा दिवस धरला, तर एक्क्याण्णव दिवस झाले. आपल्याकडच्या हळव्या भाताला लावणीपासून कापणीपर्यंत जवळजवळ तेवढेच दिवस लागतात. वर्षाकाठी एक अख्खे पीक आपण अंगठ्याखालून सरकवून देतो!

मुलांचे काय? 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२४ सालचा अहवाल ग्रामीण भारताविषयी सांगतो. १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो शिक्षणाच्या कामासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. युनेस्कोच्या २०२३ सालच्या शिक्षणविषयक अहवालात आणखी एक गोष्ट आहे. एकदा लक्ष मोडले, की विद्यार्थ्याचे मन पुन्हा धड्यात लागायला वीस मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणजे तासाभरात फोन तीनदा वाजला, तर पुस्तक उघडे राहूनही तास गेलाच म्हणायचा.

मग करावे काय? कोणी म्हणेल, फोन फेकून द्या. पण ते खरे नव्हे. डोंगराखाली राहणाऱ्या आपल्या माणसांना फोनची गरज काय असते, हे वेगळे सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पावसाळ्यातल्या अशा रात्री फोन म्हणजे जीव वाचवण्याचे साधन. बाजारभाव, बँकेचे काम, दवाखाना, परगावी असलेला मुलगा, सारे त्यातच आहे. साधन टाकायचे नाही. त्याला थांबा कुठे द्यायचा, एवढेच ठरवायचे.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारे. करोनाच्या टाळेबंदीत शाळा घरी आली आणि मुलांच्या हातात फोन आला. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन हातातून गेला नाही. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावाने बैठकीत एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. त्यानंतर साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे पाहायचे ते पाहावे.

हे एका दिवसात झाले नाही. सुरुवातीला पुरुषमंडळींनी कल्पना हसण्यावारी नेली. मग बायकांची बैठक घेतली. त्यांनी आधी आपले स्वतःचे कबूल केले. "आम्हीही मालिका फार पाहतो," असे त्या म्हणाल्या, आणि सगळ्या गावानेच काही वेळ बंद ठेवावे, असे त्यांनी सांगितले. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. पुढे २०२४ च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी सात ते नऊ असाच भोंगा सुरू केला.

यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात वेगळी वाट धरली. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने केला. काळजी दोन्हीकडे तीच आहे. पण मला वडगावची रीत अधिक टिकाऊ वाटते. कारण तिथे मोठी माणसेही फोन ठेवतात. बाप स्वतः फोन पाहत "तू अभ्यास कर" म्हणतो, तेव्हा मुलगा काय शिकतो, हे सांगायला हवे का? शिवाय सगळ्या गावाचा फोन बंद असला, की आपण काही तरी चुकवतो आहोत, ही हुरहूर उरत नाही. एकट्याने संयम ठेवणे ही चढण आहे. सगळ्यांनी मिळून ठेवला, की मागून जादा इंजिन लागते.

यंत्र आणि माणूस यांचा मेळ आपल्या महाराष्ट्राने याआधीही एकदा घालून पाहिला आहे, तोही रेडिओच्या बाबतीत. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ मंडळे काढली. मंडळात वीसेक गावकरी. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी जमायचे, अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, आणि मग रेडिओ बंद करून ऐकलेल्या गोष्टीवर आपसांत बोलायचे. खत, विहीर, शाळा, असे विषय असत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळे होती तिथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. मंडळे नसलेल्या गावांत, मग तिथे रेडिओ असो वा नसो, ती भर नगण्य होती.

यातून काय कळते? गावात नुसते यंत्र आल्याने फारसे काही झाले नाही. वेळ ठरलेली होती, माणसे एकत्र होती, आणि यंत्र बंद झाल्यावर करायला काही तरी होते, म्हणून लाभ झाला. आजच्या मोबाईलला या तिन्ही गोष्टी नाहीत. त्याला वेळ नाही, तो एकेकट्याने पाहायचा, आणि पाहून झाल्यावर पुढे काही नाही.

आता आपल्या भागाचे पाहू. सातचा भोंगा सगळीकडे चालेल असे नाही. कर्जतहून रोज मुंबईला जाणारा माणूस जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये असतो. तो सातला घरी कुठून येणार? खोपोली-रसायनीकडच्या कारखान्यांत पाळ्या असतात. लावणीच्या दिवसांत माणूस सातला चिखलातून येतो आणि नऊला झोपतो. म्हणून प्रत्येक वाडीने, प्रत्येक घराने आपली वेळ आपण ठरवावी. तासभर जमत नसेल, तर जेवणाचा अर्धा तास धरा. पण एकदा ठरली, की ती रोज तीच असावी आणि घरातल्या सगळ्यांना लागू असावी. फोन एका ठरल्या जागी ठेवावेत, देवळीत किंवा फडताळात. हाताशी नसलेला फोन अर्धा विसरला जातो. आवाज फक्त फोन कोणाचा आला तर व्हावा, निरोपांचा नको. अतिवृष्टीच्या दिवसांत, घरात कोणी आजारी असताना, फोन जवळ ठेवावाच. नियम माणसासाठी आहे.

शिक्षकमित्रांना माझी एक वेगळी विनंती आहे. आपण गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर संध्याकाळी पाठवतो. हेतू चांगला असतो. पण मग फोन हातात घेतल्यावाचून मुलाचा अभ्यासच सुरू होत नाही, आणि एकदा हातात आलेला फोन खाली ठेवणे त्याला जड जाते. गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून द्यावा, मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. एवढ्याने पुष्कळ काम होईल. पालकसभेत या तासाचा विषयही आपणच काढावा. गावात आपला शब्द अजून ऐकला जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रिकामा केलेला तास रिकामा ठेवू नका. नाही तर तो पुन्हा फोनकडेच धावेल. मुलांना मोठ्याने वाचायला लावा, आजीला ऐकू द्या. आजीला जुन्या ओव्या येत असतील, तर नातीने त्या वहीत उतरवून घ्याव्यात. घरखर्चाचा हिशेब दहावीतल्या मुलीकडून मांडून घ्या. तिचे गणितही होईल आणि घर कसे चालते हेही तिला कळेल. पुढच्या हंगामाचे बियाणे कोणते, यावर सगळ्यांनी बोलावे. कोणी भजनाला जावे, कोणी शेजारच्या आजारी माणसाला भेटावे. मुंबईच्या लोकलमध्ये कित्येक वर्षे भजनी मंडळे टाळ वाजवीत प्रवास करीत आली आहेत. तोच डबा आणि तोच वेळ, पण शीण कमी होतो.

अर्थपूर्ण जगणे हा मोठा शब्द वाटतो. पण आपले लक्ष जिथे जाते, तिथेच आपले आयुष्य जाते. ज्या माणसांसाठी आपण दिवसभर राबतो, त्यांच्याकडे दिवसातून तासभर नीट पाहिले नाही, तर राबण्याला काय अर्थ राहिला?

तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्यांना जवळ बसवा. आपल्या घराचा थांबा कोणत्या वेळी असावा, एवढेच विचारा. वेळ मुलांना ठरवू द्या. आणि उद्या त्या वेळेला आपला स्वतःचा फोन सगळ्यांत आधी फडताळात ठेवा.